ऑर्मंडचा दुसरा ड्यूक वाचायचाय? मग जन्मापासून सुरू करू नका

आयरिश उमराव, ब्रिटिश फौजेचा सेनापती, आयर्लंडचा दोनदा लॉर्ड लेफ्टनंट (तिथला राजाचा प्रतिनिधी) आणि शेवटची तीस वर्षं परागंदा, असा हा जेम्स बटलर. वाचायला मजा येते पण घोळ फार होतो, म्हणून हे लिहितोय.

पहिला घोळ नावाचा. आजोबा जेम्स बटलर, नातूही जेम्स बटलर, दोघंही ड्यूक ऑफ ऑर्मंड, दोघांनीही परदेशात दिवस काढले आणि दोघांनाही पुरलंय वेस्टमिन्स्टर ॲबीत! आजोबा (१६१०–१६८८) चार्ल्स दुसरा या राजाबरोबर १६६० ला परत आले आणि ड्यूक झाले. नातू (१६६५–१७४५) जिवंतपणी परत आलाच नाही. नोट्स काढताना नावापुढे जन्मसाल टाकायचंच, नाहीतर आजोबांच्या लढाया नातवाच्या खात्यात जातात.

आता मुख्य गोष्ट. बॉइनची लढाई, लँडनला जखमी होऊन कैद, व्हिगोची लूट हे सगळं नंतर वाचा, सुरुवात १७१२ पासून करा, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. फ्रान्सविरुद्ध स्पॅनिश वारसायुद्ध चालू होतं, सेनापती मार्लबरोला काढून त्याच्या जागी ऑर्मंडला फ्लँडर्सला पाठवलेलं, समोर फ्रेंच, शेजारी दोस्त फौजांचा सेनापती प्रिन्स यूजीन, आणि लंडनहून मंत्री बोलिंगब्रोकचा गुप्त हुकूम येतो (सरकारची फ्रान्सशी गुपचूप तहाची बोलणी चालू होती) की वेढा घालू नका, लढाईचा धोका पत्करू नका आणि हे दोस्तांना कळू देऊ नका. फ्रेंचांना मात्र सांगितलेलं! म्हणजे शत्रूला माहीत, मित्राला नाही. ऑर्मंडने निमूट पाळलं, थोड्याच दिवसात यूजीनला कळायचं ते कळलं, ब्रिटिश फौज बाजूला झाली आणि जुलैत दनँच्या लढाईत दोस्तांच्या फौजेने फ्रेंचांकडून मार खाल्ला. माझं मत विचाराल तर माणूस कपटी नव्हता, वरचा हुकूम आला की मान डोलावणारा होता, आणि तेच त्याला नडलं.

तारखा बघताना सावध राहा. इंग्लंडचं कॅलेंडर तेव्हा युरोपच्या ११ दिवस मागे, म्हणून तो हुकूम इंग्लंडमध्ये १० मेचा आणि फ्रान्समध्ये २१ मेचा. वर त्यांचं कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे फेब्रुवारी १७१२ ची घटना जुन्या कागदात १७११ ची दिसते.

१७१५ चा भाग एकट्या ऑर्मंडचा वाचू नका, तिघांचा शेजारी शेजारी ठेवा. जॉर्ज पहिला गादीवर आला, सत्तेत आलेल्या व्हिग पक्षाच्या मंडळींनी आधीच्या टोरी पक्षाच्या सरकारातल्यांवर महाभियोग काढले. बोलिंगब्रोक मार्चमध्येच फ्रान्सला पळाला, ऑर्मंड ऑगस्टमध्ये, आणि ऑक्सफर्डचा अर्ल रॉबर्ट हार्ले कुठेच गेला नाही, टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत दोन वर्षं बसला आणि १७१७ ला सुटला. ऑर्मंडची मात्र पदव्या, जहागीर सगळी गेली. थांबला असता तर वाचला असता का, हा प्रश्न डोक्यात ठेवून पुढचं वाचा म्हणजे जास्त कळतं.

परागंदा झाल्यावरचं बरंचसं पटकन उरकलं तरी चालेल, १७१९ सोडून. स्पेनने त्याला आरमार आणि सुमारे ५,००० सैनिक दिले, इंग्लंडवर उतरून जॉर्जच्या जागी पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादीवर बसवायचा बेत, ऑर्मंड कोरुन्याला जहाजांची वाट बघतोय आणि कादिझहून निघालेलं आरमार केप फिनिस्टेरजवळ वादळात सापडून विखुरलं. स्कॉटलंडला पोचलेली छोटी तुकडी जूनमध्ये ग्लेन शीलला हरली. नंतर स्पेन, मग आव्हिन्यों, मरेपर्यंत.

वंशावळ काढणाऱ्यांसाठी शेवटचं: भाऊ चार्ल्स, अर्ल ऑफ ॲरन, याने १७२१ ला जप्त जहागीर विकत घेतली. पुढे १७९१ मध्ये ठरलं की इंग्लंडच्या कायद्याने आयरिश पदव्या गेल्याच नव्हत्या, म्हणजे हा चार्ल्स स्वतःला न कळताच तिसरा ड्यूक होता, त्यामुळे ड्यूक दोन की तीन यात पुस्तकं वेगवेगळं सांगतील, गोंधळू नका. आणि घराण्याचा किल्केनीचा किल्ला बघायला मिळाला तर सोडू नका, बटलरांनी तो १९६७ ला गावाला ५० पौंडांत देऊन टाकलाय.