ओडिसिअसचा समुद्रप्रवास कसा वाचावा: एका सेकंड मेटची पद्धत

होमरचं ‘ओडिसी’ हातात घेतलेले अनेक जण चौथ्या सर्गापर्यंत येऊन थांबतात. कारण सरळ आहे. ट्रॉयच्या युद्धानंतर इथाका या आपल्या बेटावर परतू पाहणाऱ्या ओडिसिअसची ही गोष्ट, पण पहिले चार सर्ग त्याच्या मुलाचे, तेलेमाकसचे आहेत. ज्याच्यासाठी पुस्तक उघडलं तो ओडिसिअस पाचव्या सर्गात भेटतो. म्हणून समुद्रप्रवास वाचायचा असेल तर पाचव्यापासून सुरुवात करा, मग नववा ते बारावा घ्या आणि शेवटी तेराव्याच्या सुरुवातीच्या शे-सव्वाशे ओळी. बाकीचं महाकाव्य नंतर वाचा, ते कुठे जात नाही.

मी मालवाहू बोटीवर सेकंड मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, असताना ते असंच वाचलं. माझा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, बारा ते चार. पहाटे चारला ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवायच्या खोलीतून, खाली आलो की लगेच झोप लागत नसे, तेव्हा दहा-पंधरा पानं. आता घरी असतो, तरी दर पावसाळ्यात पुन्हा वाचतो.

भाषांतर असं निवडा, ज्याच्या समासात ओळींचे आकडे आहेत. बरोबर एक वही ठेवा आणि तिच्यात दोन रकाने आखा. एकात माणसांचा हिशेब आणि दुसऱ्यात झोप. होय, झोप. ओडिसिअस कुठे झोपतो आणि कुठे जागा राहतो, हे मांडत गेलात की सगळा प्रवास हाताला लागतो.

पाचव्या सर्गात घाई करू नका. कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर सात वर्षं अडकलेला हा माणूस तराफा बांधतो, आणि होमर एकेक काम सांगतो. आधी ऑलिव्हच्या दांड्याची काशाची कुऱ्हाड, मग वाकस, मग गिरमिट. वीस झाडं तोडली, तासली, भोकं पाडून खुंट्यांनी जोडली. डोलकाठी उभारली, सुकाणू बसवलं, कॅलिप्सोने दिलेल्या कापडाचं शीड केलं. चार दिवसांत काम पुरं, पाचव्या दिवशी पाण्यात. हा भाग मोठ्याने वाचा. ज्याने कधी लाकूड हाताळलंय त्याला प्रत्येक ओळीत हाताची हालचाल जाणवेल.

मग सतरा दिवसांची वाट. तो सुकाणूशी बसून आहे, डोळ्याला डोळा नाही. वर आकाशात कृत्तिका, उशिरा मावळणारा भूतप हा तारकासमूह आणि सप्तर्षी, ज्यांना ग्रीक लोक अस्वल म्हणत. हे अस्वल डाव्या हाताला ठेव, असं कॅलिप्सोने बजावलेलं. उत्तर डावीकडे म्हणजे तोंड पूर्वेला. होमर म्हणतो, हे एकटंच नक्षत्र सागरात स्नान करत नाही. आपल्याकडून पाहिलं तर सप्तर्षी क्षितिजाखाली जातात, त्यामुळे हे वाक्य चुकीचं वाटेल. पण ग्रीस आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला आहे, आणि त्या काळी तिथून सप्तर्षी मावळत नसत. आजचा ध्रुवतारा तेव्हा ध्रुवाच्या जागी नव्हता. म्हणजे खलाशाला रात्रभर भरवसा होता तो सप्तर्षींचाच. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी गच्चीवर जा, सप्तर्षी डाव्या हाताला घ्या आणि पाच मिनिटं तसेच उभे राहा. मग ती ओळ पुन्हा वाचा.

अठराव्या दिवशी जमीन दिसते आणि समुद्राचा देव पॉसायडन वादळ उठवतो. तराफा फुटतो. दोन दिवस, दोन रात्री पोहून तो किनाऱ्याला येतो तर समोर नुसते खडक. तिथली उपमा सोडू नका. बिळातून ओढून काढलेल्या ऑक्टोपसच्या तंतूंना खडे चिकटून येतात, तशी त्याच्या हातांची कातडी खडकाला चिकटून राहिली. शेवटी नदीच्या मुखातून तो वर येतो, दोन झुडपांखाली पाला अंगावर ओढून झोपतो. वहीत पहिली नोंद करा.

नवव्या सर्गापासून निवेदक बदलतो. तो ज्या किनाऱ्याला लागला तिथल्या फायशियन लोकांचा राजा अल्किनूस, त्याच्या दरबारात ओडिसिअस स्वतः आपली कहाणी सांगतो, आणि तिला साक्ष द्यायला त्याच्या माणसांपैकी एकही जिवंत नाही. हे सतत मनात ठेवा. जहाज गमावलेल्या कप्तानाचा हा जबाब आहे.

इथून माणसांचा रकाना भरू लागतो. ट्रॉयहून निघाली बारा जहाजं. इस्मारस या गावी झालेल्या लढाईत प्रत्येक जहाजाची सहा माणसं गेली, म्हणजे ७२. एकाक्ष राक्षसाच्या गुहेत सहा. लेस्ट्रिगोनियन या नरभक्षक राक्षसांच्या बंदरात अकरा जहाजं एका फटक्यात गेली, कारण ती आत नांगरली होती. ओडिसिअसने स्वतःचं जहाज बाहेर, खडकाला बांधलं होतं. सर्सी या चेटकिणीच्या बेटावर तो उरलेल्यांच्या दोन तुकड्या करतो, तेव्हाच्या आकड्यांवरून एकूण ४६ निघतात. हा हिशेब मांडल्यावर पुढची प्रत्येक ओळ जड होते.

नकाशा मात्र ग्रीसच्या दक्षिण टोकाच्या मालेआ भूशिरानंतर मिटून ठेवा. तिथून नऊ दिवस वारा त्यांना ढकलतो आणि ओळखीचा भूगोल संपतो. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने प्राचीन काळीच बजावलं होतं: वाऱ्यांची पिशवी शिवणारा चांभार सापडेल तेव्हा ओडिसिअस कुठे भटकला ते सापडेल. सिला ही माणसं उचलून नेणारी राक्षसी आणि करिब्डिस हा भोवरा, यांची जागा प्राचीन काळापासून इटली आणि सिसिली यांच्यामधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत मानतात. तिथून मी गेलो आहे. सर्वांत अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटर पाणी, आणि साधारण सहा तासांनी उलटणारा प्रवाह. पाण्यावर गोल फिरणारे पट्टे मी डोळ्यांनी पाहिले. तरी बाराव्या सर्गात मी भोवऱ्यापाशी थांबत नाही. ओडिसिअसने गाण्याने भुलवून मारणाऱ्या सायरनबद्दल खलाशांना सांगितलं, पण सिलाबद्दल सांगितलं नाही, वल्ही टाकून देतील म्हणून. मग सहा जण वर उचलले गेले आणि त्याचं नाव घेऊन ओरडले. तिथे पुस्तक खाली ठेवा, थोडा वेळ जाऊ द्या.

आता झोपेचा रकाना. दहाव्या सर्गात वाऱ्यांचा राखणदार इओलस वारे पिशवीत बांधून देतो. नऊ दिवस, नऊ रात्री ओडिसिअस शिडाचा दोर दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. दहाव्या दिवशी इथाका दिसते, किनाऱ्यावर आग राखणारी माणसं दिसतात, आणि त्याला झोप लागते. खलाशी पिशवी सोडतात. हा प्रसंग बहुतेक ठिकाणी लोभाची गोष्ट म्हणून सांगतात. मला तो थकव्याचा वाटतो. एकदा दोन दिवस माल भरण्यात गेल्यावर रात्रीच्या वॉचला माझेही डोळे मिटले होते. लुकआउटवरच्या खलाशाने खांद्याला हात लावला. समोर मासेमारी होड्यांचे दिवे होते. आता ब्रिजवर ठरावीक मिनिटांनी बटण दाबावं लागतं, नाहीतर अलार्म वाजतो. तेव्हा आमच्या बोटीवर ते नव्हतं. त्या रात्रीनंतर दहावा सर्ग मला वेगळा दिसू लागला: दोर हातात धरून ठेवणं हा त्याचा पराक्रम नाही, ती चूक आहे.

सूर्यदेवाच्या गाईंच्या बेटावर तेच पुन्हा घडतं. महिनाभर वारा उलटा, अन्न संपलेलं, आणि प्रार्थनेला गेलेला ओडिसिअस झोपतो. परत येतो तोवर मांस भाजल्याचा वास आलेला असतो. पुढे विजेच्या एका तडाख्यात रकान्यातली उरलेली सगळी नावं जातात.

शेवटची नोंद तेराव्या सर्गात करा. फायशियन खलाशी जहाजाच्या मागच्या बाजूला फळ्यांवर त्याच्यासाठी कांबळं आणि तागाची चादर अंथरतात. तो काही न बोलता आडवा होतो. वल्ही चालू होतात, आणि त्याला मरणासारखी गाढ झोप लागते. वॉच दुसऱ्यांचा आहे. पहाटेचा तारा वर येताना जहाज इथाकेला लागतं, आणि ती माणसं त्याला चादरीसकट उचलून वाळूवर ठेवतात, न जागवता.