मुलाला वर्गाबाहेर काढण्याआधी : वर्तनसमस्या हाताळताना शाळांनी टाळायच्या चुका

पाचवीचा वर्ग, गणिताचा तास. बाईंनी फळ्यावर भागाकार लिहिला की एक मुलगा शेजारच्याची वही ओढतो. बाई दटावतात, तो पुन्हा ओढतो, मग त्याला वर्गाबाहेर उभं केलं जातं. दुसऱ्या दिवशी तेच. महिन्याभरात मुख्याध्यापकांकडे तक्रार जाते : शिक्षेचा काही परिणाम होत नाही. परिणाम तर झालेला आहे. त्याला भागाकार येत नाही, आणि वही ओढली की भागाकारातून सुटका होते हे शाळेनेच त्याला रोज शिकवलं आहे.

मूल काय करतं याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. त्यातून त्याला काय मिळतं, हे कुणी विचारत नाही. सर्वांत मोठी चूक हीच. मिळण्यासारख्या गोष्टी साधारण चार : नको असलेलं काम टळतं, कुणाचं तरी लक्ष मिळतं, हवी ती वस्तू किंवा जागा मिळते, किंवा शरीराला बरं वाटतं (हालचाल होते, गोंगाटापासून सुटका होते). कारण कोणतं हे कळल्याशिवाय केलेला उपाय उलटाच पडण्याची शक्यता जास्त.

नोंद न ठेवता ठरवून टाकणं

शिक्षक खोलीत 'वांड', 'हायपर', 'घरचेच लाड' अशी नावं पटकन पडतात. त्याऐवजी एक साधी वही करा. रकाने पाच : वेळ व तास, लगेच आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर मोठ्यांनी व मुलांनी काय केलं, शांत कशाने झालं. शाळेचे दहा दिवस, एका वेळी एकच वर्तन, प्रत्येक नोंद दोन ओळींची आणि त्याच दिवशी लिहिलेली. 'दंगा केला' ही नोंद नव्हे; 'इंग्रजीचा उतारा वाचायला सांगितल्यावर तीनदा उठून दाराकडे गेला' ही नोंद. शिकवताना लिहिणं जमत नसेल तर एका खिशात दहा मणी ठेवा आणि प्रत्येक वेळी एक दुसऱ्या खिशात टाका.

ज्या तासाला काहीच घडत नाही, तो तासही लिहा. हे बहुतेकदा राहून जातं. चित्रकलेच्या तासाला मूल चाळीस मिनिटं बसत असेल तर 'त्याला बसताच येत नाही' हे खरं नाही.

आता उपाय. काम टाळण्यासाठी वागत असेल तर बाहेर पाठवणं बंद. दहा गणितांऐवजी चार द्या, पहिलं बाईंनी सोबत सोडवावं. प्रत्येक तासाला दोन 'विश्रांती कार्डं' द्या : कार्ड दाखवायचं, पाणी पिऊन तीन मिनिटांत यायचं आणि त्याच गणितापासून पुढे. हे फसतं ते 'आत्ता नाही' म्हटल्यामुळे. पहिले दोन आठवडे कार्ड दाखवलं की सोडायचंच, कारण तेव्हा मूल एवढंच शिकत असतं की मागितलं तर मिळतं, ओढाओढी करावी लागत नाही. मग हळूहळू दोनाचं एक.

लक्ष हवं असेल तर ते आधीच द्या. दर पाच मिनिटांनी त्याच्या बाकापाशी जा, काम बघा, नेमकं बोला : 'तारीख घातलीस, छान.' गडबड केली की आवाज खाली, वाक्य एकच, वाद नाही. इथे एक गोष्ट आधीच माहीत हवी : दुर्लक्ष सुरू केल्यावर वर्तन काही दिवस वाढतं. नेमक्या त्याच दिवसांत शिक्षक हरतात आणि ओरडतात. मग मूल शिकतं की अजून जोरात केलं की मिळतं. त्यामुळे बदली तासाला येणाऱ्या शिक्षकांसकट सगळ्यांना हे ठाऊक असलं पाहिजे. मारामारी किंवा स्वतःला इजा यांकडे मात्र कधीही दुर्लक्ष करायचं नाही.

शरीर आणि भाषा तपासायची राहून जाते

न ऐकणाऱ्या मुलाला खरोखरच कमी ऐकू येत असेल. वारंवार सर्दी होणाऱ्या लहान मुलांत कानात पाणी साचून असं होतं. फळ्यावरचं न दिसणारं मूल शेजारच्याशी बोलणारच. मधेच काही सेकंद नजर शून्यात जाते, हात लावला तरी प्रतिसाद नाही आणि मग जणू काही झालंच नाही, असं वारंवार दिसलं तर ती फिट असू शकते, लगेच डॉक्टरांकडे.

नोंदी सकाळच्या पहिल्या दोन तासांत साचत असतील तर आधी झोप आणि नाश्ता विचारा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य शासनाने २०२४-२५ पासून सांगितलं ते झोपेमुळेच, पण व्हॅन घरोघरी फिरत येणार असेल तर मूल तरीही लवकरच उठतं. पुण्यात गणपतीच्या आधी आठवडेच्या आठवडे ढोल-ताशांचा सराव चालतो. आवाज सहन न होणारी मुलं त्या काळात जास्त बिथरतात. त्यांची जागा खिडकीपासून लांब हलवा. बांधकामाच्या साइटवरून येणाऱ्या मुलाला मराठी सूचना कळतेय का, हेही बघा. खूण करून दाखवली की तेच मूल चटकन काम करतं.

तिसरी-चौथीत अचानक तक्रारी वाढल्या तर मुलाला एकटं बसवून मागच्या इयत्तेचा उतारा एक मिनिट मोठ्याने वाचायला द्या. अडखळत असेल तर प्रश्न वाचनाचा आहे. अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली कायमची अडचण) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेली आहे, तिची तपासणी करून घेता येते. आणि 'एडीएचडी' (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) हे निदान शिक्षकांनी करायचं नाही. त्यासाठी लक्षणं निदान सहा महिने, बारा वर्षांच्या आधीपासून आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. फक्त एकाच शिक्षकाच्या तासाला दिसत असतील तर तो तास तपासा.

चांदण्यांचा तक्ता का फसतो

चांगलं वागल्यावर चांदणी द्यायची आणि चांदण्या साठल्या की बक्षीस, असे तक्ते बऱ्याच शाळांत असतात. पण ध्येय 'नीट वागणं' असतं, बक्षीस महिन्याअखेरीस, आणि रागाच्या भरात मिळालेली चांदणी काढून घेतली जाते. या तिन्ही गोष्टी बदला. दिसेल असं एकच ध्येय घ्या : 'बोलण्याआधी हात वर.' आज आठपैकी तीन तास जमत असेल तर पहिल्या आठवड्याचं लक्ष्य चार तास, आठ नव्हे. बक्षीस त्याच दिवशी आणि मुलाने निवडलेलं. फळा पुसणं, पीटीच्या सरांना सामान काढायला मदत, असं बिनखर्चाचं चालतं. कमावलेली चांदणी परत घ्यायची नाही. तक्ता भिंतीवर नको, वहीत. सकाळी दोन आणि शाळा सुटताना दोन मिनिटं एकाच मोठ्या माणसाने तो मुलासोबत बघावा. मुलाचा जीव शिपाईमावशींवर असेल तर त्यांनी. घरी कमी चांदण्यांसाठी मार मिळत असेल तर वही 'हरवू' लागते. म्हणून पालकांना आधीच सांगा : सही करा, शिक्षा करू नका.

पालकांना बोलावताना शाळेच्या फाटकात, मुलासमोर, चार शिक्षकांनी घेरून बोलू नका. पहिला फोन चांगल्या गोष्टीचा असावा. भेटीत अर्धा तास बसा, नोंदींची वही समोर ठेवा आणि घरी मूल कधी शांत असतं हे विचारा. 'डॉक्टरांना दाखवा, नाहीतर दाखला घेऊन जा' असं म्हणणं मुलावर अन्याय आहे आणि कायद्यालाही धरून नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे.

भडका उडालेला असताना

'का केलंस?' विचारू नका. त्या वेळी उत्तर देण्याच्या स्थितीत मूल नसतं. एकच मोठा माणूस बोलेल, थोडे शब्द, हात दीड हात अंतर, समोर न उभं राहता बाजूला. दंड धरून ओढलं की मारामारी वाढते. गरज पडली तर बाकीच्या वर्गाला मैदानात न्या. श्वास सावरल्यानंतरही वीस-तीस मिनिटं जाऊ द्या. मग भरपाई : फाडलेली वही त्याने चिकटवून द्यायची, माफीचं भाषण नको.

स्वतःला इजा, मरण्याची भाषा, एकाएकी पूर्ण बदललेलं वागणं यांसाठी दहा दिवसांची नोंद पुरी होण्याची वाट बघू नका. टेलि-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ आणि चाइल्ड हेल्पलाइन १०९८ हे क्रमांक कार्यालयात लावलेले हवेत. पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मुलाला नेताना पालकांसोबत नोंदींची वही द्या, 'फार त्रास देतो' या शेऱ्याचा डॉक्टरांना काही उपयोग नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर शाळेने आतल्या आत चौकशी करत बसायचं नाही; पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

एप्रिलमध्ये सगळं जमून येतं आणि जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलतात, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून वर्ष संपताना एक पान लिहून पुढच्या बाईंच्या हातात द्या : कशाने बिथरतो, बिथरण्याआधी काय दिसतं, काय केल्याने शांत होतो, काय अजिबात करू नये, कुणावर त्याचा विश्वास आहे, आणि कार्डं सध्या किती चालू आहेत.