जुनी सात सीटर घेताना
घर मोठं आणि बजेट कमी असेल, तर जुनी एर्टिगा किंवा इनोव्हा बघाच. पण बघायला अख्खं घर घेऊन जा. आजीला मधल्या सीटवर चढता येतं का, शेवटच्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे अडतात का, हे तिथेच कळतं. आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, असं मालकाला आधीच सांगा. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. ती गाडी सोडा. मागच्या मॅटखाली हात घालून ओल, गंज, वाळलेला गाळ तपासा. पुरात बुडालेली गाडी वरून कितीही चकाचक केली, तरी तिथे पकडली जाते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यापुढे फिटनेस, नूतनीकरणाचा खर्च तुमच्या माथी. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, कर्जाचा बोजा दिसला, तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.