एसएनसीयूला (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) नवीन लागलात? बाळाचा डोळा पुसताना घाई करू नका

माझी पहिली पोस्टिंग जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. मे महिना, बाहेर नुसती आग, आणि एक आजी नऊ दिवसांचं बाळ घेऊन आल्या, "सिस्टर, बाळना डोया उनात". डावा डोळा लाल, चिकटलेला, आईचं दूध आणि काजळ दोन्ही घालून झालेलं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक ड्रॉप्स लिहिले, सलाइननं डोळा पुसला मी, म्हणजे सगळ्यात जवळून बघितला तो मीच, तरी पापणीची कडा काही नीट पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी परत आले तर तिथे मोहरीएवढ्या पाणीदार फोडांचा झुबका. हर्पीस, म्हणजे फोड आणणारा व्हायरस.

फोड दरवेळी दिसतीलच असं नाही बरं का. डोळ्याचे डॉक्टर फ्लुरोसिनची (चमकणाऱ्या रंगाची) पट्टी लावून निळ्या लाइटखाली बघतात, कॉर्नियावर (बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर) फांद्या फुटल्यासारखी हिरवी रेघ चमकते. घरातले कुणाचे तरी उरलेले स्टिरॉइडवाले ड्रॉप्स घातले असतील तर हा व्रण अजून पसरतो, म्हणून बाटली दाखवायला सांगाच. आणि नुसत्या ड्रॉप्सवर भागत नाही, व्हायरस मेंदूपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे तपासायला स्वॅब आणि पाठीतलं पाणी, आणि शिरेतून असायक्लोविर (हर्पीसवरचं औषध) १४ दिवस, मेंदूत गेलं असेल तर निदान २१.

आता आपलं काम. डोस किलोला २० मिग्रॅ, दर ८ तासांनी. बाळ अडीच किलोचं, म्हणजे ५० मिग्रॅ. २५० ची व्हायल १० मिलीत विरघळवली की त्यातलं २ मिली, ते पुढे १० मिली करून सिरिंज पंपावर एक तास. घाई केली तर किडनीवर येतं, लघवी मोजत राहा. औषध फ्रिजमध्ये ठेवू नका, खडे धरतात. आणि शीर फुटून बाहेर गेलं तर कातडी जळते, मी रात्री दर पंधरा मिनिटांनी हात बघायचे.

बहुतेक वेळा हे बाळंतपणातच आईकडून येतं, तिला स्वतःला माहीतही नसतं. सासूसमोर फोडांबद्दल विचारलंत तर ती "काही नाही" म्हणणार, बाजूला घेऊन विचारा. हर्पीस झालेल्या साधारण दहातल्या एका बाळाला तो जन्मानंतर कुणाकडून तरी लागतं. आमच्या केसमध्ये आई म्हणाली मला कधीच काही नाही, पण पाचवीला आत्या आल्या होत्या, ओठावर तापाचा फोड होता (तोही हर्पीसचाच), खूप पापे घेतले. त्यांच्यामुळेच झालं असं छातीठोक नाही सांगता येत. पण बाळ भरती झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच आत्या डबा घेऊन दारात, ओठावर खपली तशीच, आणि मी त्यांना आत सोडलं नाही म्हणून आजी माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.