जर्मन घरात राहायला जाताना: ठाणे-नवी मुंबईच्या मुलांसाठी

जर्मन घरात जपून वापरायचा पहिला शब्द म्हणजे 'डांके'. 'अजून वाढू का?' या प्रश्नाला नुसतं 'डांके' म्हटलं की त्याचा अर्थ 'नको, पुरे' असा होतो आणि भांडं पुढे सरकतं. हवं असेल तर 'या, गेर्न' म्हणा. पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं आणि यजमानीणबाईंनी तिसऱ्यांदा पानात वाढायचंच, ही आपली रीत तिथे चालत नाही. नको म्हणजे नको. आग्रहाची वाट बघत बसलेली मुलं पहिला आठवडा अर्धपोटी काढतात आणि यजमानांना वाटतं, खाणंच कमी आहे बिचाऱ्याचं.

गरम जेवण बहुतेक घरांत दिवसातून एकदाच, बरेचदा दुपारी. संध्याकाळी सहा-सातला टेबलावर ब्रेड, चीज, सॉसेज, लोणच्यातल्या काकड्या आल्या की तेच रात्रीचं जेवण. मागून वरण-भात येणार नाही. शाकाहारी असाल तर निघायच्या आधीच मेलमध्ये सविस्तर लिहा, कारण 'वेगेटारिश' या शब्दात अंडं बसतं. अंडं चालत नसेल तर ते वेगळं सांगावं लागतं. गफलत होते ती लपलेल्या गोष्टींत: सुपाला मांसाचा अर्क, बटाट्याच्या सॅलडमध्ये श्पेक म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, गमी बेअरमध्ये जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ. उपास करत असाल तर तारीख आधी सांगून ठेवा, नाहीतर एकादशीला तुमची प्रकृती बिघडली म्हणून घर काळजीत पडेल.

बॅग भरताना आई-आजीशी एक वाद होणारच. युरोपियन युनियनबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ प्रवाशाने नेता येत नाहीत, त्यामुळे तूप, पेढे, खव्याची मिठाई घरीच राहू द्या. ताजी फळं-पालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. यातून केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढेच सुटतात. म्हणजे हापूसची पेटी बाद आणि ओला कढीपत्ताही. विमान दुबईवरून असेल तर अनारसेही नकोत, त्यावरची खसखस तिथे बंदी असलेली वस्तू आहे. भेट म्हणून वारली चित्र उत्तम. सपाट असतं, फुटत नाही आणि ते आपल्या भागातलं आहे हे सांगता येतं. वारल्यांचे पाडे असलेला पालघर 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता.

कागदपत्रांचं थोडक्यात: 90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर कमी मुदतीचा शेंगेन व्हिसा नव्हे, जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. अठरा पूर्ण नसतील तर आई-वडील दोघांचं संमतिपत्र. वर्षभरासाठी गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या, म्हणजे यजमानांच्या, सहीचा एक फॉर्म लागतो. तो पहिल्याच शनिवार-रविवारी यजमानांकडे मागा.

खरी कुरबुर होते ती बाथरूममध्ये. तिथल्या बाथरूमच्या जमिनीला बहुधा जाळी नसते. बादली-तांब्याने अंघोळ केली की पाणी फरशीखाली मुरतं आणि खालच्या मजल्याच्या छतावर उतरतं. टबात किंवा काचेच्या केबिनमध्येच उभं राहायचं, पडदा असेल तर त्याची कड टबाच्या आत घ्यायची. अंघोळ पाच-सात मिनिटांत आटपा, गरम पाण्याचं बिल जबर येतं. शेवटी तिथे टांगलेल्या रबरी पट्टीने काच वरून खाली ओढून पुसा, म्हणजे क्षाराचे पांढरे डाग राहत नाहीत. शौचाला पाणी लागतंच, तर निमुळत्या तोंडाची प्लास्टिकची बाटली जवळ ठेवा, बेसिनवर भरून घ्या आणि सांडलेलं लगेच टिपा. लघवी मुलांनीही बसूनच करायची. यात कुणी तुमचा अपमान करत नाही, त्या घरात बाबाही बसतात.

हीटरच्या गोल खटक्यावर 1 ते 5 आकडे असतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश. थंडी वाजते म्हणून 5 वर ठेवलं तर खोली लवकर तापत नाही, फक्त 3 वर जिथे थांबली असती तिथे न थांबता तापत राहते. हवा खेळवायची तर हीटर बंद करून खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. हिवाळ्यात खिडकी दिवसभर वरून थोडी आत झुकवून तिरकी ठेवली की आजूबाजूची भिंत गार पडते, खोलीतली वाफ तिच्यावर बसते आणि बुरशी धरते. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांचं जे होतं, ते तिथे जानेवारीत भिंतीचं होतं.

कचऱ्याला ओला-सुका एवढं पुरत नाही. कागद, पॅकिंग, जैव आणि उरलेला, असे चार डबे. रंग गावागणिक बदलतात, तेव्हा विचारून घ्या. काच रस्त्यावरच्या टाकीत रंगानुसार, पण रविवारी नाही, आवाज होतो म्हणून. रिकाम्या बाटल्यांचे पैसे परत मिळतात: एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीला किंवा कॅनला 25 सेंट, पुन्हा भरायच्या बाटलीला बहुधा 8 किंवा 15. बाटली चेपून टाकायची आपली सवय इथे नडते. चेपली की मशीनला बारकोड दिसत नाही आणि बाटली परत तुमच्या हातात येते.

वेळेत एक फसवी जागा आहे. 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे. अर्धा तास आठाकडे गेला, असा तो हिशेब. आकडे मात्र मराठी माणसाला सोपे जातात. जर्मनमध्ये 21 म्हणजे 'एक आणि वीस', आपल्या एकवीससारखं, सुटं आधी. जेवणाची वेळ ठरली की लोकल पकडताना पाळता तशी पाळा. पाच मिनिटं उशीर होणार असेल तरी मेसेज टाका.

महिन्याभरात एकदा तुम्ही रांधा. कांदे-बटाटे पोहे बरे. चौघांना 300 ग्रॅम जाडे पोहे, दोन कांदे, एक मोठा बटाटा, तीन मोठे चमचे तेल, अर्धा छोटा चमचा हळद, मिरची एकच आणि तीही अख्खी, म्हणजे काढून टाकता येते. काचेच्या शेगडीवर गोची अशी की बटण बंद केलं तरी खालची पट्टी तापलेलीच राहते. मोहरी तडतडली की कढई उचलून बाजूला घ्या आणि मगच हळद घाला, नाहीतर ती करपते. फोडणीआधी एक्झॉस्ट चालू करा आणि स्वयंपाकघराचं दार लावा, कारण पॅसेजमध्ये धुराचा अलार्म असतो आणि मिरचीच्या ठसक्याने तो वाजू शकतो. हळदीचा हात पांढऱ्या ओट्याला लागला तर तिथल्या तिथे पुसा. लाकडी पाटावर कांदा चिरण्याआधी, तो पाट ब्रेडचा तर नाही ना, हे विचारा.

घरच्या फोनसाठी ठाण्याची रात्री साडेनऊची वेळ धरा. उन्हाळ्यात तिथे सहा वाजलेले असतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून पाच. आठवड्यातून दोन ठरलेले फोन पुरतात. रोज दार लावून तासभर बोलणारं मूल आमच्यात मिसळायला तयार नाही, असंच यजमानांना वाटतं. आणि काही खटकलं तर ते आईच्या आधी त्यांना सांगा. ठाण्याहून आई तुम्हाला पाठवणाऱ्या संस्थेच्या कोऑर्डिनेटरला फोन करते, कोऑर्डिनेटर यजमानांना, तेव्हा साध्या टॉवेलच्या तक्रारीचीही फाइल झालेली असते.