मुलाचा सीटी स्कॅन आणि कॅन्सरची भीती: या चुका टाळा

सीटीच्या खोलीबाहेर आई-बापांशी बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मूल ओट्यावरून डोक्यावर पडलेलं, दोन-तीन उलट्या झालेल्या, डॉक्टरांनी मेंदूचा सीटी, म्हणजे एक्स-रे किरणांनी काढायचे आतले फोटो, लिहून दिलेला. आणि बाप मोबाइल पुढे करून विचारतो, "साहेब, यानं कॅन्सर 24 टक्क्यांनी वाढतो म्हणे?"

आकडा खोटा नाही. ऑस्ट्रेलियात लहानपणी किंवा विशीच्या आत सीटी झालेल्या 6 लाख 80 हजार जणांच्या नोंदी कॅन्सरच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. 2013 साली निष्कर्ष आले. सीटी न झालेल्यांपेक्षा या गटात कॅन्सर 24 टक्के जास्त दिसला.

चूक होते ती हे वाचताना. शंभरातल्या चोवीस मुलांना कॅन्सर होणार, असा अर्थ लावला जातो. त्या वयात कॅन्सर मुळातच विरळ, आणि विरळ गोष्ट सव्वापट झाली तरी विरळच राहते. त्या अभ्यासात सरासरी साडेनऊ वर्षांत अपेक्षेपेक्षा जास्त निघालेले रुग्ण होते 608. म्हणजे साधारण अकराशे मुलांमागे एक. आदल्याच वर्षी ब्रिटनमधल्या अभ्यासाने मांडलेला अंदाज असा: दहा वर्षांखालच्या 10,000 मुलांच्या डोक्याचा सीटी केला, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कॅन्सरचा एक आणि मेंदूतल्या गाठीचा एक रुग्ण जादा. 'किती टक्के वाढ' दिसलं की 'किती जणांमागे किती' हे शोधाच.

दुसरी गफलत जरा नाजूक आहे. मेंदूत गाठ आहे म्हणून डोकं दुखतं, डोकं दुखतं म्हणून सीटी होतो, आणि मग गाठ सापडते. कागदावर मात्र सीटी आधी आणि कॅन्सर नंतर! म्हणूनच संशोधकांनी सीटीनंतरच्या पहिल्या वर्षात सापडलेले कॅन्सर मोजलेच नाहीत. पुढे पाच आणि दहा वर्षं वगळूनही पाहिलं, तेव्हा 24 चे 21 आणि 18 टक्के झाले. वाढ घटली, पण पुसली गेली नाही. त्यामुळे "काही होत नाही हो" असं सांगून मी कुणाची बोळवण करत नाही.

एमआरआयमध्ये ही किरणं नसतात, म्हणून सीटीऐवजी तोच करा, हा आग्रह अपघातात नडतो. सीटी काही मिनिटांत आटोपतो. एमआरआयला लहान मुलाला बराच वेळ निश्चल ठेवावं लागतं, कधी गुंगीचं औषध देऊन. स्कॅन स्पष्ट दिसावा म्हणून कधी काँट्रास्टचं इंजेक्शन देतात, त्यातही किरणं नसतात. तिथे सांगायचं ते ॲलर्जीबद्दल आणि किडनीच्या आजाराबद्दल.

मला खरा त्रास होतो तो टाळता आला असता अशा दुसऱ्या सीटीचा. तालुक्याला सीटी होतो, पेशंट रात्रीतून शहरात हलवतात, फिल्म आणि सीडी घरच्या पिशवीतच राहते. मग त्याच डोक्याचा त्याच रात्री पुन्हा सीटी. ऑस्ट्रेलियात हा अभ्यास होऊ शकला, कारण तिथे सरकारी आरोग्य विम्याकडे या स्कॅनची नोंद होती. आपल्याकडे मुंबईत 1963 पासून आणि बार्शीच्या ग्रामीण भागात 1987 पासून कॅन्सरची नोंदणी चालते, पण तुमच्या मुलाचे किती सीटी झाले याचा हिशेब बहुतेक वेळा तुमच्याच फाइलमध्ये असतो. ती फाइल मुलाबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये चढली पाहिजे.

टेक्निशियनला विचारा, "मशीन मुलाच्या वयावजनाप्रमाणे लावलंय ना?" मोठ्यांच्या सेटिंगवर मुलाला विनाकारण किरणांचा जास्त डोस बसतो. आणि सीटीची चिठ्ठी हातात पडताच डॉक्टरांना विचारा, "काही तास देखरेखीखाली ठेवून चालेल का?" मार किरकोळ असेल तर पुष्कळदा चालतं. डॉक्टर "नाही, आत्ताच करा" म्हणाले, तर मोबाइल खिशात ठेवा आणि मुलाला आत घेऊन या.