सोमवारची एक रजा आणि वेरूळ-अजिंठा
२०२७ चं कॅलेंडर हाती आलं की आधी जानेवारीचं पान बघा. २६ जानेवारी मंगळवारी येते, अन् २३ तारखेला चौथा शनिवार, म्हणजे बँकवाल्यांनाही सुट्टी. मधल्या सोमवारची एकच रजा टाकली की सलग चार दिवस मोकळे. नांदेड-परभणीकडून वेरूळ-अजिंठा निवांत होतं. पण वार नीट बघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. म्हणून रविवारी अजिंठा, सोमवारी वेरूळ, घृष्णेश्वराचं दर्शन धरून. लेकरांना घेऊन बंद फाटकापासून माघारी फिरणं फार जिवावर येतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच तिकिटं काढा. साहेबांकडे रजेचा अर्ज मात्र त्याच्याही आधी द्या. त्या सोमवारवर सगळ्यांचाच डोळा असतो.